लांबच्या खडतर प्रवासासाठी ४×४ गाडीचा कोणता व्हेरियंट घ्यायचा? बेस, मधला की टॉप?

मित्रांनो, फोन घेताना आपण ८ जीबी रॅम घ्यायची की १२ जीबी यावर आठवडाभर डोकं खपवतो. दहा व्हिडिओ बघतो, चार मित्रांना विचारतो. आणि गाडीत पंधरा-वीस लाख घालताना? शोरूमच्या सोफ्यावर बसून, गार सरबत पीत, वीस मिनिटांत 'टॉप मॉडेल द्या' म्हणून मोकळे होतो. आमच्या घरात अगदी हेच होता होता राहिलं, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

मी साताऱ्याचा. माझे मामा सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात द्राक्षबागायत करतात. २०२४ च्या दिवाळीच्या आसपास मामेभावाने गाडी घ्यायचं काढलं. गाडीचा उपयोग दोन प्रकारचा: वर्षभर मळ्यात आणि गावात, आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर आम्हा चौघांचा साताऱ्याहून स्पिती आणि लेहपर्यंतचा प्रवास. गाडीही ठरली होती, पाच दारांची थार रॉक्स. अडलं ते व्हेरियंटवर.

त्या वेळच्या एक्स-शोरूम किमती बघा. टॉपचा एएक्स७एल, डिझेल, मॅन्युअल, पण फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा, म्हणजे ४×२: १८.९९ लाख. मधला एमएक्स५, डिझेल, मॅन्युअल, ४×४: १८.७९ लाख. फरक वीस हजारांचा. एकीकडे मोठं काचेचं छत, ३६० अंशाचा कॅमेरा, गार हवा सोडणाऱ्या सीट, भारी स्पीकर. दुसरीकडे चारही चाकांना ताकद, बाकी साधं. भावाचा जीव पहिल्या गाडीवर होता. मामा दोन्ही कोटेशन वाचून एवढंच म्हणाले, "आरं, टपातनं आभाळ बघायला जायचंय का रस्ता सोडून जायचंय? आधी ते ठरवा, मग माझ्याकडं या."

द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. चुकीची गाडी घेतली तर ती दुरुस्त करायला पुढचं वर्ष उजाडतं. म्हणून आम्ही नीट हिशेब मांडला. तोच हिशेब इथे सोपा करून देतोय.

व्हेरियंट म्हणजे नक्की काय?

एकाच गाडीचे कंपनी चार-सहा प्रकार करते. पत्रा तोच, सांगाडा तोच, पण इंजिन, गिअर, चाकं, सुरक्षा आणि सोयी कमी-जास्त. त्यांना एमएक्स१, एएक्स७एल, झीटा, अल्फा अशी नावं देतात. नावं दर दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे ती पाठ करण्यात अर्थ नाही. प्रश्न मात्र तेच राहतात.

फोनचं उदाहरण घ्या. प्रोसेसर आणि रॅम नंतर बदलता येत नाहीत. कव्हर, टेम्पर्ड ग्लास, इअरफोन कधीही घेता येतात. गाडीचंही तसंच. म्हणून एका कागदावर तीन रकाने पाडा:

१. कंपनीतून आलं तरच मिळणार, नंतर बसवता येत नाही.
२. नंतर बसवता येतं, पण खर्च आणि नियम बघून.
३. जे काम खिशातला फोन करतोच.

टॉप व्हेरियंटसाठी जादा दिलेले पैसे बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात जातात. सगळी गंमत इथेच आहे.

आधी गाडी नाही, प्रवास लिहा

आमचा मार्ग असा: सातारा, दिल्ली, सिमला, किन्नौर, काझा, कुंझुम खिंड, केलाँग, लेह आणि मनालीमार्गे परत. जाऊन-येऊन साधारण साडेपाच हजार किलोमीटर. आता यातलं खरोखर खडतर किती? काझाहून कुंझुम ओलांडून बातल, छतरू, ग्रांफूपर्यंतचा दगडगोट्यांचा आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचा पट्टा, काही अर्धवट कामाचे रस्ते आणि आडवाटेची गावं. सगळं मिळून तीन-चारशे किलोमीटर. बाकी पाच हजार किलोमीटर डांबर आणि काँक्रीटच.

हा आकडा दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे. पाच हजार किलोमीटर बसायचं तर सीट, दिवे, क्रूझ कंट्रोल यांना किंमत आहेच. पण डांबरावर सोय कमी पडली तर पाठ दुखते, आणि त्या तीनशे किलोमीटरमध्ये ताकद कमी पडली तर प्रवासच थांबतो.

पहिला रकाना: जे नंतर मिळत नाही

४×४ आणि लो-रेंज. ४×२ गाडीला नंतर ४×४ करणं म्हणजे जवळपास नवी गाडी बांधणं. तो विचार सोडा. खऱ्या ४×४ गाडीत तीन जागा असतात: २-हाय म्हणजे रोजचं, फक्त दोन चाकांवर. ४-हाय म्हणजे चिखल, वाळू, बर्फ यांवर चारही चाकं. ४-लो म्हणजे चारही चाकं आणि वर जास्त घट करणारे गिअर, त्यामुळे वेग कमी पण ओढ कितीतरी जास्त. खडा चढ, मोठे दगड, नाल्याचा काठ इथे ४-लो लागतं. एक लक्षात ठेवा, अशा गाड्यांत कोरड्या डांबरावर ४-हाय लावून वळणं घ्यायची नाहीत. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्याचा ताण थेट यंत्रणेवर येतो.

डिफरन्शियल लॉक. एक चाक हवेत किंवा चिखलात असलं की इंजिनची ताकद त्याच चाकात वाया जाते, ते गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक गप्प. लॉक लावला की दोन्ही चाकं सारखीच फिरतात. काही गाड्यांत खरा लॉक नसतो, गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवली जाते. तेही चालतं, पण खऱ्या लॉकइतकं नाही. शोरूममध्ये 'आहे' म्हणाले तर बटण दाखवा म्हणायचं.

एअरबॅग आणि ईएसपी. गाडी घसरायला लागली की ईएसपी चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ ठेवतं. बाजारातून आणून हे बसत नाही. यात काटकसर करायची नाही.

टाकी आणि इंजिन. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किमी' ही पाटी प्रसिद्धच आहे. हिशेब सोपा आहे. टाकीचे लिटर गुणिले डोंगरातलं ॲव्हरेज, आणि त्यातले वीस टक्के राखीव. थार रॉक्सची टाकी ५७ लिटर, ॲव्हरेज १० धरलं तर ५७० किमी, राखीव वजा जाता ४५६. जमतं. जिम्नीची टाकी ४० लिटर, ॲव्हरेज ११ धरलं तर ४४०, राखीव वजा जाता ३५२. म्हणजे धातूचा कॅन बरोबर हवा आणि पंपांची ताजी चौकशी हवी. शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के कमी होते. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे टर्बो इंजिनाला हा फटका बराच कमी बसतो.

वजन पेलायची क्षमता. याकडे कुणी बघतच नाही. गाडीच्या पट्टीवर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जिम्नीचं कमाल वजन १,५४५ किलो, रिकामी साधारण १,२०० किलो. उरले ३४५. पासष्ट किलोची चार माणसं म्हणजे २६०. सामानाला राहिले ८५ किलो, आणि त्यातच वरचा कॅरिअर, पाणी, तंबू, जादा इंधन. टॉप व्हेरियंटमधली प्रत्येक जड वस्तू याच आकड्यातून वजा होते.

चाकं: मोठी दिसतात म्हणून चांगली नसतात

टॉप व्हेरियंटला मोठ्या रिम मिळतात, फोटोत छान दिसतात. पण खडकावर कामाला येतं ते रबर, रिम नाही. टायरवरचे आकडे असे वाचा: २४५/७५ आर१६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंच. भिंत आली १८४ मिमी. २०२० साली आलेल्या थारच्या खालच्या एएक्स व्हेरियंटला हेच टायर होते. वरच्या एलएक्सला २५५/६५ आर१८, भिंत १६६ मिमी. म्हणजे स्वस्त गाडीला जवळपास पावणेदोन सेंटिमीटर जास्त रबर. रॉक्सच्या एएक्स७एलला २५५/६० आर१९, भिंत १५३ मिमी.

भिंत उंच असली की हवा थोडी कमी करून टायर पसरवता येतो, पकड वाढते आणि दगडाचा मार रिमपर्यंत जात नाही. अजून एक: १९ इंची टायर फाटला तर तो केलाँगच्या दुकानात मिळेल का, हा प्रश्न निघण्याआधीच विचारलेला बरा.

तिसरा रकाना: जे फोन करतो

इथे आपण तरुण मंडळी फायद्यात आहोत. मोठ्या स्क्रीनचं नॅव्हिगेशन? फोनमध्ये नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, नेट नसतानाही गाडीचा रस्ता दाखवतो. मजबूत होल्डर आणि चांगला १२ व्होल्ट चार्जर घेतला की झालं. 'कनेक्टेड कार'ची बरीच फीचर्स नेटवर्कवर चालतात, आणि जिथे मदत लागणार तिथेच नेटवर्क नसतं. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. म्हणजे लाखभराच्या स्क्रीनपेक्षा घरात एक पोस्टपेड कार्ड असणं जास्त उपयोगाचं.

उंची, चढाचा कोन, होकायंत्र हे सगळं फोनमध्ये फुकट आहे. गाडीच्या स्क्रीनवर ते दिसतं म्हणून व्हेरियंट वाढवू नका.

मग टॉप व्हेरियंट वाईट का?

नाही. त्याची बाजूही ऐका. कंपनीचे एलईडी दिवे रात्री खरंच फरक पाडतात, आणि बाहेरून लावलेले जादा वॅटचे बल्ब समोरच्याला आंधळं करतात, नियमातही बसत नाहीत. मागचा वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर घाटात रोज लागतो. उंची बदलणारी सीट, क्रूझ कंट्रोल हे पाच हजार किलोमीटरला उपयोगी. अरुंद रस्त्यावर गाडी मागे घेताना ३६० कॅमेरा कामाला येतो. पैसे पुरत असतील तर ४×४ मधलाच टॉप घ्या, बिनधास्त. प्रश्न तेव्हाच येतो जेव्हा त्याच पैशात ४×४ सोडून सोयी घ्यायच्या असतात.

चार गाड्या, चार प्रकारची रचना

मारुती जिम्नी (२०२३): झीटा आणि अल्फा असे दोन व्हेरियंट. ४×४, लो-रेंज, सहा एअरबॅग, ईएसपी दोन्हींत. अल्फाला एलईडी दिवे, ९ इंची स्क्रीन, अलॉय चाकं, क्रूझ. इथे खालचा घेतलात तरी पहिल्या रकान्यातलं काहीच गमावत नाही.

महिंद्रा थार, तीन दारांची (२०२०): सुरुवातीला सगळ्या ४×४ होत्या. जानेवारी २०२३ मध्ये ४×२ आली. बाहेरून दोन्ही सारख्याच. जुनी घेताना मागचा बिल्ला बघू नका, तो बाजारात मिळतो. आत मुख्य गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते बघा. २०२० च्या गाड्यांत मागचा लॉक काही व्हेरियंटला होता, काहींना नव्हता.

महिंद्रा थार रॉक्स (२०२४): ४×४ फक्त डिझेलमध्ये, आणि तीही एमएक्स५, एएक्स५एल, एएक्स७एल या तिघांतच. म्हणजे 'रॉक्स घेतली' म्हटल्यावर ४×४ आलीच असं नाही. सहा एअरबॅग मात्र सगळ्यांत.

फोर्स गुरखा (२०२४): इथे निवड दारांची, तीन की पाच. पुढे-मागे दोन्ही लॉक, हवेसाठी उंच स्नॉर्कल, ६३.५ लिटरची टाकी, ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता, सगळं जन्मतःच. सोयी मोजक्याच.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घ्यायची?

शोरूमपासून हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक चक्कर, ही टेस्ट नाही. आम्ही दोन जागा निवडल्या. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट: चौघं बसवून, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये वळणावर गाडी कशी ओढते ते कळतं. आणि तासगावकडे मामांच्या मळ्याची वाट: काळी माती, आदल्या रात्री पाऊस झालेला. त्या मातीत एका ओळखीच्या पोराची ४×२ एसयूव्ही आमच्या डोळ्यांसमोर रुतली होती. चाकं फिरत होती, गाडी खाली खाली जात होती. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरने ओढली. भावाचं मन तिथे पहिल्यांदा बदललं. कोटेशनचा कागद हजार वेळा वाचून जे कळलं नव्हतं ते दहा मिनिटांत कळलं.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. कासच्या पठारावर गाडी घालायची नाही. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या मातीचा थर बोटभर असतो, एका चाकाच्या खुणेने कित्येक वर्षांची फुलं जातात. कोयना आणि चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथेही आडवाटेने घुसणं गुन्हा आहे. ऑफ-रोड म्हणजे कुणाच्या तरी परवानगीच्या जागेत, नाहीतर नसलेल्या रस्त्यालाच रस्ता मानावं लागतं तिथे.

दुसरं, पाणी. '६५० मिमी वॉटर वेडिंग' वाचून कृष्णेच्या पुरात गाडी घालू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीने काय पाहिलं ते आपल्याला माहीत आहे. तो आकडा संथ, तळ माहीत असलेल्या पाण्याचा असतो. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी गाडी उचलतं. आणि हवेच्या नळीतून इंजिनात पाणी गेलं तर इंजिनच बसतं. साध्या विम्यात ते बहुधा भरून मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळा घ्यावा लागतो.

दुसरा रकाना: नंतर काय लावायचं, काय नाही?

लावा: जाड ट्रेडचे टायर (कंपनीने मान्य केलेल्या मापात), टायरची हवा भरायचा पंप, ओढायचा पट्टा आणि शॅकल, पाण्याचे कॅन, खाली घालायची जाड मॅट.

विचार करून लावा: छतावरचा कॅरिअर. काचेच्या छताच्या गाडीत तो कुठे धरणार, किती किलो पेलणार हे मॅन्युअलमध्ये वाचा.

लावू नका: पुढचा लोखंडी बुल बार. त्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली, कारण पायी चालणाऱ्याला तो जीवघेणा ठरतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडवतो. गाडीच्या मूळ रचनेत मनाने केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी तेच बोट दाखवते.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न

हे फोनमध्ये कॉपी करून ठेवा:

• हा व्हेरियंट ४×४ आहे का? लो-रेंज आहे का? चालवून दाखवा.
• मागचा लॉक यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक की फक्त ब्रेकवाला?
• टायरचं पूर्ण माप काय? स्टेपनी त्याच मापाची आहे का?
• कमाल वजन किती आणि या व्हेरियंटचं रिकामं वजन किती?
• ओढायचे हूक पुढे-मागे दोन्हीकडे आहेत का?
• ऑन-रोड किंमत लेखी द्या: टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज वेगवेगळ्या ओळीत.

आम्ही काय केलं?

एमएक्स५ ४×४ घेतली. २०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी निघालो, सतरा दिवसांनी परत आलो. त्या सतरा दिवसांत ४-लो किती वेळा लागलं असेल? दोनदा. एकदा बातलच्या पुढे, दुपारी बर्फ वितळून फुगलेल्या नाल्यात. एकदा खचलेल्या रस्त्याच्या कडेला घातलेल्या कच्च्या चढावर. दोन्ही मिळून अर्धा तास. बाकी साडेपाच हजार किलोमीटर टॉपच्या ४×२ नेही सुखाने केले असते. उलट धुळ्याच्या उन्हात भावाने त्या गार सीटची तीनदा आठवण काढली, हेही खरं.

पण त्या नाल्याच्या काठावर आमच्या आधी एक गाडी तासभर थांबली होती. चाकं फिरवून, दगड रचून झाले होते. आम्ही पट्टा लावून तिला बाहेर काढलं. भाऊ गाडीत परत बसला, चिखलाचे हात पँटला पुसले आणि म्हणाला, "आबांना सांगू नको हं, नाहीतर वर्षभर ऐकवतील."

मी सांगितलंच. मामा काही बोलले नाहीत. फक्त गाडीला एक फेरी मारली, टायरवर लाथ मारून बघितली आणि म्हणाले, "उद्या पेट्या टाकायच्यात, सकाळी सहाला घेऊन ये."

तर मित्रांनो, थोडक्यात सांगायचं तर आधी प्रवास लिहा, मग तीन रकाने भरा आणि पहिला रकाना पूर्ण करणारा सगळ्यात स्वस्त व्हेरियंट शोधा. पैसे उरले तर वर चढा. पहिल्या रकान्यातलं काही सोडून तिसऱ्यातलं घेऊ नका.